कोपरा फाटलेलं कार्ड

माझा आवाज मोठा आहे. घरातली मंडळी म्हणतात, आजीला फोन कशाला लागतो, नुसती खिडकी उघडून बोलली तरी पलीकडच्याला ऐकू जाईल. म्हणोत बापडी. पस्तीस वर्षं चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवल्या, त्या काय कुजबुजून शिकवल्या? पण हा आवाज मास्तरकीनं दिलेला नाही. तो आमच्या शेणवे गावच्या भातखाचरांनी दिला. भात दाण्यावर आलं की आमच्याकडे पाखरं राखायला मुलांना माळ्यावर बसवत. माझे भाऊ गोफण फिरवायचे. मला गोफण कधी जमली नाही, दगड भलतीकडेच जायचा, म्हणून मी नुसती ओरडायची. पोपटांचा थवा उतरायच्या आत उठून पलीकडच्याच्या शेतात जायचा आणि मग तिथला माणूस माझ्या नावानं ओरडायचा. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "पोरीच्या जातीला येवडा नरडा देवानं कशाला दिला, कोन जाने." बाबा नुसते हसायचे. चौथी झाल्यावर मला पुढं शिकायला शहापूरला मामाकडे ठेवायचं ठरलं, तेव्हा आईनं निघताना एवढंच बजावलं, की लोकांच्या घरात नरडा आवर.

ते लोकांचं घर नव्हतंच. मामा लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि वखारीला लागूनच त्याचं कुडाचं घर होतं. दिवसभर दोन माणसं मोठी करवत धरून सागाचे ओंडके कापायची, त्या खर्रखर्र आवाजाची इतकी सवय झाली होती, की जेवणाच्या सुट्टीत ती थांबली की चुकल्यासारखं वाटायचं. भुसा सगळीकडे. अंथरुणात भुसा, वेणीत भुसा, कधी भाकरीतही. मामी परातीत पीठ मळायला बसली की आधी परातीवर फुंकर मारायची. ही मामी माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठी. नाव सखू. डोळखांबच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे, तिथली ती. मामाच्या घरात ती फारशी बोलायची नाही, कारण शेजारच्या बायका तिच्या बोलण्याला हसत. माझ्याजवळ मात्र तिची टकळी सुरू व्हायची. सकाळी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढं ठेवून ती समोर बसायची, शाळेत काल काय झालं ते मला सांगायला लावायची, आणि मी सांगायच्या आत स्वतःचंच काहीतरी सांगू लागायची. मला सख्खी बहीण नाही. ती जागा मामीनं भरली, असं मी आजही म्हणते आणि म्हणताना मला लाज वाटते. ती लाज कशाची, ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

मामीची आई वर्षातून एकदा यायची. डोक्यावर टोपली घेऊन, मुक्कामाला शेणव्याला आमच्याच घरी उतरून, दुसऱ्या दिवशी शहापुरात. टोपलीत नाचणीचं पीठ, वालाच्या शेंगा, बाटलीत मध, आणि एका पानात गुंडाळलेलं डिंकासारखं काहीतरी, जे औषधी आहे म्हणून सगळ्यांना खायला लागायचं. बाजेवर बसायला सांगितलं तरी ती जमिनीवरच बसायची. ती आली की मामी एकदम लहान पोर होऊन जायची. आईच्या मांडीवर डोकं ठेवून उवा बघून घ्यायची आणि दोघी त्यांच्या पाड्याच्या बोलीत तासन्‌तास बोलत राहायच्या. म्हातारीला माझा आवाज फार आवडायचा. "ए नरडेवाली, हाक मार गो माज्या सखूला," असं म्हणून मला मुद्दाम अंगणातून ओरडायला लावायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. तिचा एकुलता मुलगा भात झोडून झाला की कामाला बाहेर निघून जायचा, कोळशाच्या भट्ट्यांवर. तेव्हा घरी म्हातारी, सून आणि सुनेचं तान्हं. मामीला त्या दिवसांत आईची फार काळजी वाटायची.

मी तेरा वर्षांची होते, त्या हिवाळ्यात शाळेत कल्याणच्या एक नव्या बाई आल्या. नऊवारी साडी घट्ट नेसून मैदानात मुलांबरोबर धावणारी बाई शहापुरानं तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे पहिले आठ दिवस शाळेच्या कुंपणाला माणसं लागलेली असायची. दरवर्षी पौषात आमच्या शाळेचा मुरबाडच्या शाळेशी हुतूतूचा सामना व्हायचा आणि दरवर्षी आम्ही हरायचो. बाईंनी त्याचं कारण शोधून काढलं. मुरबाडकर मैदानाभोवती ढोल घेऊन उभे राहतात, आपल्या पोरांच्या नावानं आरोळ्या देतात, आणि आमची पोरं परक्या गावात बिचकतात. तेव्हा या वर्षी मुलांबरोबर मुलींचं लेझीम-पथक जाईल, असं बाईंनी जाहीर केलं. सामन्याआधी आणि मधल्या वेळात लेझीम खेळायचं आणि खेळ चालू असताना रेघेच्या बाहेर उभं राहून, तालावर, एका सुरात आपल्या मुलांना ओरडून जोर द्यायचा. मुली सोळाच घ्यायच्या, कारण लेझमी सोळाच होत्या. नावं दिली सदतीस जणींनी. निवड शनिवारी सकाळी. आणि ओरडण्यात जी पहिली येईल तिनं पुढं उभं राहून बाकीच्यांकडून आरोळ्या म्हणवून घ्यायच्या.

परवा माझ्या नातीची तिच्या कॉलेजात असल्याच कशासाठी तरी निवड होती. चिअरलीडर म्हणतात म्हणे त्याला. ती घरात आरशासमोर हात उडवत होती, आणि तिची आई म्हणत होती, असलं काय ते खूळ, अभ्यास कर.  तिला काय होत असेल, ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. जगात दुसरं काही नसतं त्या दिवसांत. आपलं नाव बाई घेतील की नाही, एवढंच जग.

शाळेची लेझीम घरी नेता येत नसे. मी मामीला हे रडकुंडीला येऊन सांगितलं, तर तिनं वखारीतून बांबूचा हातभर तुकडा आणला, त्याला काथ्याची दोरी बांधली आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून, भोकं पाडून त्या दोरीत ओवली. वाजायची ती अगदीच खुळखुळ्यासारखी, पण वाजायची. संध्याकाळी अंगणात आमची तालीम चाले. मला लेझमीचा चार आवाजाचा डाव जमायचा, आठ आवाजाला पाय चुकायचा. मामी कमरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "पाय मोजतेस कशाला गो? आमी गौरीत नाचतो तवा कोन मोजतं? वाजतं तिकडं पाय जातो." मग ती स्वतःच पदर खोचून पुढं यायची. तिच्या पाड्यात गौरीच्या नाचाला तिला सगळ्यांत पुढं उभी करत, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मामा वखारीतून येऊन दाराशी उभा राहिला, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिच्यामुळे माझा आठ आवाजाचा पाय बसला. आवाजाची तर मला फिकीरच नव्हती.

गुरुवारी दुपारी मी जेवायच्या सुट्टीत घरी आले. मामी धुणं घेऊन नदीवर गेली होती. मी झाकलेली भाकरी काढून बसणार, एवढ्यात टपालवाल्यानं हाक मारली. अंगणात आले तर तो कार्ड दोन बोटांत धरून, हात लांब करून उभा. "भागे," तो म्हणाला, "मामाला दे. घरात नेऊ नको हां. कोपरा फाटलेला हाय. मी पन वाचलं नाय." एवढं बोलून तो भराभर निघून गेला.

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. मयताचं कार्ड धाडताना त्याचा एक कोपरा फाडत. म्हणजे कार्ड हातात पडताच, अक्षर न वाचता कळायचं, की कुणीतरी गेलं. असं कार्ड घरात न्यायचं नाही. पुरुषमाणसानं अंगणात उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा. पोराबाळांनी त्याला हात लावायचा नाही, वाचायचं तर नाहीच. माझ्या हातात ते कार्ड होतं आणि त्याचा वरचा कोपरा गेलेला होता.

माझ्या डोळ्यांपुढं पहिली आली ती शनिवारची निवड. मेलं कोण, हे त्यानंतर आलं. हे लिहायला जड जातं, पण झालं तसंच. आदल्या वर्षी ऐन गौरीच्या तोंडावर आमच्या भावकीतले एक म्हातारे गेले होते. दहा दिवस ना हळद ना तेल, आमच्या घरी गौर आली नाही आणि मी नाचाला दाराआडून कान लावून बसले होते. आता पुन्हा तेच. सुतकात मला कोण लेझीम खेळू देणार? पण त्याच वेळची दुसरी एक गोष्ट मला आठवली. मुंबईला गिरणीत असलेल्या माझ्या चुलत्याला त्या म्हाताऱ्यांचं कार्ड फार उशिरा मिळालं होतं. तोवर तो तिकडे गणपतीपुढं नाचून मोकळा झाला होता. गावी आल्यावर तो घाबरून जाणत्या माणसांपुढं उभा राहिला, तर त्यांनी निवाडा दिला, की कळलं तेव्हापासून सुतक. कळलं नव्हतं तोवर केलं ते केलं, त्याचा दोष नाही. तेरा वर्षांच्या माझ्या डोक्यात हे अगदी चपखल बसलं. वाचलं नाही तर कळलं नाही. कळलं नाही तर सुतक नाही.

आणि गेलेलं माणूस जवळचं नसणार, हेही मी स्वतःला पटवून दिलं. शेणव्याहून किंवा आसपासहून असली बातमी आली तर माणूस पळत येतो, कार्ड कोण टाकतं? म्हणजे कुणीतरी लांबचं, मुंबईकडचं, मामाच्या चुलत-मावसांतलं. मेलेलं माणूस दोन दिवसांनी काही जास्त मरत नाही. मी कार्ड उपडं धरलं, एकही अक्षर दिसू दिलं नाही, गोठ्याच्या कुडात कारवीच्या काठ्यांमध्ये खुपसून ठेवलं आणि हात धुतले. घरात नाही नेलं. रीत मी पाळली, बघा.

ते दोन दिवस मी मामीच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं निवडीची धास्ती आहे. शुक्रवारी तिनं माझ्या केसांना तेल लावलं, दृष्ट काढली, आणि कुळथाच्या पिठल्यात मुद्दाम लसूण जास्त घातला, कारण लसणानं गळा मोकळा होतो, असं तिची आई म्हणायची. "आईला सांगायला पायजे तुजी निवड झाली का," ती म्हणाली, "ती लय हसंल." मी पिठलं-भात पोटभर खाल्ला. दोनदा मागून घेतला.

शनिवारी सकाळी मैदानावर धुकं होतं. हलगी वाजवायला शाळेचे शिपाई उभे होते. बाईंनी आम्हांला चार-चारच्या रांगांनी खेळवलं. चार आवाजातच दहाजणी बाद झाल्या, आठ आवाजाला आणखी. माझा पाय एकदाही चुकला नाही. वाजतं तिकडं पाय गेला. मग आम्हांला मैदानाच्या एका टोकाला उभं करून बाई स्वतः दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली गेल्या, आणि एकेकीनं तिथून "शहापूर!" अशी हाक द्यायची असं ठरलं. काहींची हाक अर्ध्यातच विरली. काहीजणी लाजून हसू लागल्या. माझी पाळी आली. मी छाती भरून घेतली आणि पोपट उठवायची तशी हाक मारली. चिंचेवरचे कावळे उडाले. कुंपणाला टेकलेला एक गाडीवान दचकून उभा राहिला आणि सगळं मैदान हसलं. बाई चालत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही पुढं उभी राहील." माझ्या आयुष्यात पुढं बरं-वाईट पुष्कळ झालं, लग्न झालं, मुलं झाली, एकदा शाळाखात्यानं शालही दिली. पण त्या सकाळइतकी मी पुन्हा कधी खूश झाले नाही. हे खरं आहे आणि म्हणूनच ते बोचतं.

घरी आले तेव्हा मामा जेवत होता. मी आधी निवडीचं सांगितलं. मामीनं मला उचललंच, तेरा वर्षांच्या घोडीला. मग मी गोठ्यात जाऊन कार्ड काढलं, अंगणातून मामाला हाक मारली आणि म्हणाले, "टपालवाल्यानं आत्ता दिलं. कोपरा फाटलाय." मामा उष्ट्या हातानं तसाच बाहेर आला. मामीला त्यानं आतच थांबायला सांगितलं. तो अक्षर लावत वाचायचा, ओठ हलायचे. त्याचे ओठ हलत राहिले आणि मग थांबले.

"हे मयताचं नाय," तो म्हणाला.

पाड्याजवळच्या शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं होतं ते. मामानं ते पुन्हा मोठ्यानं वाचलं, मला आजही पाठ आहे. 'चि. सखूस आशीर्वाद. तुझी आई फार आजारी आहे. रात्रंदिवस तुझं नाव घेते. तुला काही सांगायचं आहे म्हणते. घरी धाडायला माणूस नाही म्हणून कार्ड टाकले. पत्र पाहताच निघावे.' आणि वर, त्यानं मोठ्यानं न वाचलेलं, 'मंगळवार'.

मामी दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. कार्ड कधीचं आहे, हे तिनं विचारलं नाही, तेवढं थांबली कुठं? ती लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागली होती. मामानं त्या मंगळवारावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "आत्ताच आलंय," तो मामीला म्हणाला, आणि वखारीतली गाडी मागायला गेला.

मला एकटीला ठेवणार कुठं, म्हणून मीही गाडीत. शेणव्याला आमच्या घरी मुक्काम झाला, उजाडायला पुन्हा निघालो. मामी सबंध वाट कार्ड हातात धरून बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, तरी मधूनमधून त्याच्याकडे बघायची. "दोन दिस लागतात टपालाला," ती म्हणाली, "म्हंजे फार दिस नाय झालं. असंल अजून. आमचं मानूस असं लगेच जात नाय." मामा बैलांवर ओरडला, उगाचच. डोळखांबच्या पुढं गाडी जात नव्हती, तिथून डोंगर चढून पाड्यावर पोहोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. घरापुढं जमीन ताज्या शेणानं सारवलेली होती. सणवार नसताना, मयत नेल्यावर सारवतात तसं अंगण दिसलं आणि मामी तिथंच बसली.

म्हातारी शुक्रवारी दिवेलागणीला गेली होती. शनिवारी सकाळी, मी मैदानावर हाक मारत होते तेव्हा, तिला नेऊन झालं होतं. भावजय मामीच्या गळ्यात पडून सांगत होती, "वाटंकडं डोळं लावून व्हती गो. कुत्रा भुंकला का म्हनायची, सखू आली, बग. शुक्रवारी दुपारपातुर चांगली बोलत व्हती. मी म्हनलं, आत्या, काय सांगायचं ते मला सांगा, मी सखूला सांगन. तर नाय म्हनाली. तुलाच सांगनार व्हती." मामी मोठ्यानं रडली. तोवर तिचा आवाज मोठा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग भावजयीनं मांडीवरच्या तान्ह्याच्या पाठीत हलकी चापटी मारली आणि म्हणाली, "येळ पन कसला. टपालात टाकायला गेले त ह्यानं कार्ड तोंडात घातलं, कोपराच खाल्ला." त्या पाड्यात कुणाला कधी कार्ड आलं नव्हतं. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ तिथं कुणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं. मामानं माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

गुरुवारी दुपारी कार्ड मामीच्या हातात पडलं असतं, तर ती शुक्रवारी सकाळी पोहोचली असती. अख्खा दिवस मिळाला असता मायलेकींना. हा हिशेब मी त्या अंगणात उभी राहून केला आणि त्यानंतर किती हजार वेळा केला असेल, देव जाणे.

परत आल्यावर चार-पाच दिवसांनी मामानं मला वखारीच्या मागं बोलावलं. "टपालवाला भेटला व्हता," तो म्हणाला. मी रडायलाच लागले. म्हणाले, मी मामीला सगळं सांगते. त्यानं माझा दंड धरला. "सांगायचं नाय. तिची आई गेली. आता तू पन जाशील तिच्यातून. मग तिला कोन हाय?" मामा वाईट माणूस नव्हता. त्याला जे बरं दिसलं ते तो बोलला, आणि मला ते सोयीचं होतं. मी गप्प बसले.

सामन्याला जाणार नाही, असं मी ठरवलं होतं. मामीनंच मला धाडलं. "माज्या आईला तुजा आवाज आवडायचा," असं म्हणून तिनं स्वतः माझी वेणी घातली. मुरबाडच्या मैदानात पंधराजणींच्या पुढं मी उभी राहिले. मला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. तसलं काही झालं नाही. आवाज खणखणीत लागला. आमची पोरं चेव येऊन खेळली, जिंकली, आणि बाईंनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. त्या दोन तासांत मला म्हातारी एकदाही आठवली नाही. देवानं त्या दिवशी माझा आवाज काढून घेतला असता, तर मला बरं वाटलं असतं.

ते कार्ड मयताचं नव्हतं, म्हणून फाडलं नाही. मामीनं ते आपल्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवलं. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी दुपारी ती ते काढायची आणि म्हणायची, "भागे, वाच गो. आई काय बोलते?" मी वाचायची. 'रात्रंदिवस तुझं नाव घेते. तुला काही सांगायचं आहे म्हणते.' इथं मामी मला थांबवायची आणि आईला काय सांगायचं असेल, यावर बोलत राहायची. कधी तिला वाटे, नथीचं असेल. कधी वाटे, भावाला संभाळ म्हणणार असेल. एकदा म्हणाली, "का मी नीट नांदते का नाय, तेच इचारनार असंल." मी वरचा मंगळवार कधी वाचला नाही. 'चि. सखूस'पासून सुरू करायची.

पुढं मी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाले. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला मला शहापूर तालुक्यातच प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मोठ्या बायकांना शिकवायचे वर्ग तेव्हा निघाले होते. एका रविवारी मी मामाकडे गेले, तर मामी पाटी घेऊन बसलेली. "मला शिकव," ती म्हणाली. "आईचं कार्ड माजं मी वाचीन. तुला किती दिस तरास द्यायचा?"

मला टाळता आलं असतं. वेळ नाही, लांब पडतं, दुसऱ्या बाई शिकवतील, कारणं शंभर होती. पण मामाला दिलेला शब्द फक्त तोंडानं न सांगण्याचा होता. मी तिला शिकवलं. दर रविवारी जाऊन शिकवलं. ग म भ न पासून जोडाक्षरांपर्यंत, आणि वारांची नावंसुद्धा मी गाळली नाहीत. सबंध आयुष्यात मी हजारभर मुलांना वाचायला शिकवलं असेल, पण एवढा जीव लावून कुणाला शिकवलं नाही, आणि एवढ्या भीतीनंही नाही. तिला आठ महिने लागले.

त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ती ओटीवर कार्ड मांडीवर ठेवून बसली होती. मामा कामावर होता. करवत चालू होती.

"ह्ये वर मंगळवार हाय," ती म्हणाली. "तू कदी वाचला नाय."

 तिनं बोटांवर मोजलं. "मंगळ, बुध, गुरू. टपालाला दोन दिस. मंग शनवारपातुर ते कुठं व्हतं गो?"

"गोठ्याच्या कुडात," मी म्हणाले. "मीच ठेवलं होतं. मयताचं वाटलं. शनिवारी निवड होती."

एवढंच. इतकी वर्षं पाठ केलेलं, माफी मागायचं, पाया पडायचं, सगळं तोंडातच राहिलं. मामीनं कार्ड मांडीवर उपडं ठेवलं. मग म्हणाली, "निवड झाली व्हती तुजी. मी उचलली तुला." आणि उठून चुलीकडे गेली. ती माझ्यावर ओरडली नाही. मामा आल्यावर त्यालाही काही बोलली नाही. दुपारी तिनं आम्हां दोघांना वाढलं. मी पानावर बसले होते, तिनं भाताची मूद घातली, वर आमटी वाढली, आणि म्हणाली, "घ्या, अजून घ्या."

मला वाटलं, ती मामाला म्हणाली.

त्यानंतर ती पंचेचाळीस वर्षं जगली. माझ्या लग्नात राबली, माझ्या पहिल्या बाळंतपणात महिनाभर येऊन राहिली, एका शब्दानं कधी दुखावलं नाही. आणि पुन्हा कधी मला 'भागे' म्हणाली नाही. बाई, बसा. बाई, जेवून जा. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, भाची मास्तरीण झाली तर सखू तिला किती मान देते. एकदा, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी धीर करून म्हटलं, "मामी, मला भागी म्हण ना गं."

"तुमी बसा," मामी म्हणाली, "चा टाकते."